सुटकेसाठी धरलेलं पुस्तक

पत्र थोडक्यात असं: परभणी जिल्ह्यातल्या एका गावातली 23 वर्षांची मुलगी. तालुक्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी., प्रथम श्रेणी. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आतच घरी स्थळं यायला लागली. 'मला एमपीएससी करायचीय' म्हटल्यावर वडिलांनी पुण्याला पाठवलं. त्याला 22 महिने झाले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीतल्या एका खाटेवर राहते, दिवसाचे दहा तास अभ्यासिकेत असते. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एकदा दिली, बऱ्याच गुणांनी राहिली. ती लिहिते: 'ताई, मला अधिकारी व्हायचंय की नाही हेच मला कळत नाही. लग्न टाळायला मी एमपीएससी धरली. कॉलेजात लॅबमध्ये मला वेळेचं भान राहायचं नाही, सर एम.एस्सी. कर म्हणायचे. पण आता बाबा सोयाबीन विकून महिन्याला 9,500 रुपये पाठवतात, गावातले लोक आत्तापासूनच मॅडम म्हणतात. बाबा म्हणतात आणखी एकच वर्ष, मग स्थळ. मी खोट्या कारणासाठी शिकतेय का? अशा कारणाने शिकलेल्या मुलीचं करिअर होतं का?'

प्रिय मैत्रिणी,

तू दोन प्रश्न एका दमात विचारलेस. पहिल्याचं उत्तर लगेच देते: नाही, तुझं कारण खोटं नाही. नको असलेलं लग्न लांबवणं हे शिकण्याचं अगदी खरं कारण आहे. खेड्यांतून पुण्याच्या, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत आलेल्या कितीतरी मुलींच्या मनात ते असतं, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. तू बोललीस, आणि त्यामुळे आपल्याला पुढे जाता येईल.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. कारण चांगलं की वाईट यापेक्षा ते तुला किती लांब नेईल, हे बघायला हवं. सुटकेच्या कारणात जोर असतो. तुला त्याने परभणीतून पुण्यात आणलं, ही लहान गोष्ट नाही. पण कशापासून लांब जायचं एवढंच त्याला ठाऊक असतं, कशाकडे जायचं ते त्याला सांगता येत नाही. तू पुण्यात पोचलीस त्या दिवशी त्याचं निम्मं काम संपलं आणि तेव्हापासून तू दहा-दहा तास बसतेस, तरी अभ्यास पुढे सरकत नाही.

माणसं का शिकतात यावर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकापासून काम केलं आहे. त्यांची मांडणी आपल्या भाषेत आणायची तर कारणांचे चार प्रकार धरू. एक, बाहेरचा धाक किंवा बक्षीस. दोन, मनातला धाक: केलं नाही तर मी वाईट, मी कृतघ्न. तीन, पटलेलं कारण: काम रोज गोड लागेलच असं नाही, पण ते मला का हवंय हे मला नीट कळलेलं असतं. आणि चार, निखळ आवड. पहिले दोन प्रकार माणसाला कामाला लावतात, पण अभ्यास वरवरचा होतो आणि धाक सरला की हात थांबतो. शेवटचे दोन जास्त टिकतात.

आता तुझं पत्र या चारांत वाटून बघ. स्थळाची भीती हा पहिला प्रकार. सोयाबीनचे पैसे आणि गावातलं 'मॅडम' हा दुसरा. लॅबमध्ये वेळेचं भान नसणं हा चौथा. तिसरा प्रकार पत्रात कुठेच दिसत नाही. तुझ्याकडे आवडीची उणीव आहे असं मला वाटत नाही. तुला एक पटलेलं कारण हवं आहे आणि ते शोधायला दोन महिने पुरतात.

सुरुवात एका वहीपासून कर. तीन आठवडे, रोज झोपण्याआधी पाच मिनिटं. पानावर चार रकाने पाड. पहिल्यात प्रत्यक्ष अभ्यासाचे तास, म्हणजे चहा, फोन आणि शेजारच्या खुर्चीशी गप्पा वगळून. दुसऱ्यात काय केलंस ते: नुसतं वाचलंस, पुस्तक मिटून आठवून लिहिलंस, की वेळ लावून पेपर सोडवलास. तिसऱ्यात बसण्याआधी मनात काय होतं, एका वाक्यात. चौथ्यात त्या दिवशी घरून फोन आला होता का आणि काय बोलणं झालं.

ही वही काय दाखवेल? धाकाने होणारा अभ्यास घरच्या फोनला बांधलेला असतो. स्थळाचा विषय निघाला की दोन-तीन दिवस तास वाढतात, मग पुन्हा खाली येतात. अपराधीपणाने होणाऱ्या अभ्यासाची खूण वेगळी आहे. त्यात तास भरपूर आणि दुसऱ्या रकान्यात सलग 'वाचलं, वाचलं, वाचलं'. राज्यव्यवस्थेचं पुस्तक तिसऱ्यांदा रंगवलेलं, पण मागच्या वर्षांची प्रश्नपत्रिका एकही नाही. ज्याच्या मनात 'बाबांचे पैसे वाया जाताहेत' हे सतत चालू असतं, त्याला खुर्चीत बसून राहिल्याने समाधान मिळतं आणि चाचणीचे गुण मात्र सहन होत नाहीत. म्हणून तो चाचणी टाळतो. मग चुका कुठे होतात ते कळत नाही, आणि खऱ्या परीक्षेत त्या सगळ्या एकदम समोर येतात. यात आळस नसतो, पण परिणाम आळसासारखाच होतो.

राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत तर ही सवय आणखी महाग पडते, कारण ती आता वर्णनात्मक आहे. एकूण नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजीचे दोन पेपर फक्त पात्रतेपुरते. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी 250 गुणांचे, मिळून 1,750. त्यावर मुलाखत 275. वर्षभर हाताने उत्तरं लिहून, कुणाकडून तरी ती तपासून घेतल्याशिवाय इथे निभाव लागत नाही. आणि ज्या कामाबद्दल मनात ओढ नाही, त्याबद्दल निबंध लिहिणं फार जड जातं. मात्र वैकल्पिक विषयांत रसायनशास्त्रही आहे, हे ध्यानात ठेव. त्याचा आपल्याला पुढे उपयोग होईल.

कारण मध्येच बदलू शकतं का, अशी शंका तुझ्या मनात असेल. आनंदीबाई जोशींचं उदाहरण शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण या अंगाने कुणी शिकवत नाही. 1865 साली जन्मलेल्या या मुलीचं लग्न नवव्या वर्षी झालं. तिचं शिकणं सुरू झालं ते नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या हट्टाने, म्हणजे पूर्णपणे बाहेरच्या कारणाने. मग कोवळ्या वयात बाळंतपण आलं आणि बाळ दहा दिवसांत गेलं. त्यानंतर 1883 मध्ये अमेरिकेला जाण्याआधी श्रीरामपूर इथे, बंगालमधल्या, तिने जाहीर भाषण केलं, तेव्हा कारण तिचं स्वतःचं झालेलं होतं: इथल्या बायकांना स्त्री-डॉक्टर हवी, पुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा त्या दुखणं सोसत राहतात. ते तिला पटलेलं कारण होतं. त्याच्या बळावर तिने फिलाडेल्फियाच्या थंडीत शिक्षण पुरं केलं आणि 1886 मध्ये एम.डी. मिळवली. सुरुवात कुणाच्या सांगण्यावरून झाली, याने पुढचं अडलं नाही. तुझंही अडणार नाही. पण बदल आपोआप होत नाही, तो करावा लागतो.

आता तुझ्या पत्रातलं दुसरं गृहीत. तुला वाटतं की एका बाजूला खोटी एमपीएससी आहे आणि दुसऱ्या बाजूला खरी, आवडीची एम.एस्सी. मला एवढी खात्री नाही. कॉलेजातलं प्रॅक्टिकल आणि नोकरीतली लॅब यांत मोठं अंतर असतं. कॉलेजात तीन तासांत टायट्रेशन संपतं, रंग बदलतो, जर्नलवर सही होते. औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात, ज्याला सगळे क्यूसी म्हणतात, दिवसाची सुरुवात वजनकाट्याच्या रोजच्या तपासणीने होते. द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रासाठी मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारं द्रावण बनवायची, ती 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढायची, तिच्यातली हवा घालवायची. मग आधी ब्लँक, म्हणजे औषध नसलेलं कोरं द्रावण, मग एकाच प्रमाणित द्रावणाची पाच-सहा इंजेक्शनं, त्यांच्यातला फरक साधारण दोन टक्क्यांच्या आत बसला तरच खरे नमुने लावायचे. प्रत्येक पायरी त्याच मिनिटाला लिहायची. आकडा चुकला तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही: एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. निकाल मर्यादेबाहेर गेला तर तो पुन्हा करून बरोबर आणायचा नाही, आधी चूक कुठे झाली याची रीतसर चौकशी. कामाचा बराचसा वेळ लिहिण्यात आणि पडताळण्यात जातो. काहींना यात मन रमवणारी शिस्त सापडते, काहींना सहा महिन्यांत कंटाळा येतो. तू कुठली, हे तुलाही आज सांगता येणार नाही.

म्हणून आवडीची परीक्षा तिच्या सुंदर भागावर घेऊ नकोस, रटाळ भागावर घे. तुझ्या वर्गातली किंवा एक-दोन वर्षं पुढची कुणीतरी मुलगी कुरकुंभच्या, वाळूजच्या, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नक्की लागलेली असेल. अशा दोघींना रविवारी फोन कर. 'नोकरी कशी आहे' असं विचारलंस तर 'चांगली आहे' एवढंच कळेल. विचारायचं असं: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय-काय केलंस ते क्रमाने सांग. हातात किती पगार येतो आणि राहणं-खाणं जाऊन किती उरतो? पाळ्या कशा असतात? बरोबर लागलेल्या मुलींपैकी कोण सोडून गेली आणि का? पुढच्या जागेला एम.एस्सी. लागते का? हेच प्रश्न नायब तहसीलदार किंवा सहायक राज्यकर अधिकारी झालेल्या एखाद्या ताईलाही विचार. अधिकाऱ्यांची भाषणं अभ्यासिकेत खूप ऐकली असशील, पण त्यांच्या साध्या मंगळवारी काय घडतं ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

दोन्ही डगरींवर हात ठेवावा, जितकी कारणं जास्त तितका जोर जास्त, असंही मनात येईल. इथे एक अभ्यास उपयोगी आहे. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या 11,000हून जास्त कॅडेट्सना दाखल होतानाच 'का आलात' असं विचारलं गेलं आणि पुढे बरीच वर्षं त्यांचं काय झालं ते बघितलं गेलं. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांना मुळात ते काम हवं होतं त्यांचं चांगलं झालं. पण ज्यांची कामाची ओढही जोरदार होती आणि नोकरी-प्रतिष्ठा-पैसा अशी बाहेरची कारणंही तेवढीच जोरदार होती, ते पहिल्यांपेक्षा मागे पडले. ती माणसं सैन्यातली, बहुतेक पुरुष, देश वेगळा. तरी एवढं घेण्यासारखं आहे: 'आवड पण आहे, मान पण मिळेल, लग्न पण लांबेल' अशी मोळी बांधली की वजन वाढतं, चाल वाढतेच असं नाही.

मग पटलेलं कारण शोधायचं कुठे? यासाठी माझ्याकडे एकच प्रश्न आहे आणि तो माझा नाही. अमेरिकेत 1968 मध्ये तरुण मुलींच्या एका मोठ्या सर्वेक्षणात विचारलं गेलं: वयाच्या 35व्या वर्षी तुम्ही काय करत असाल? साधारण एक तृतीयांश मुलींनीच 'नोकरी करत असेन' असं सांगितलं. बाकीच्यांनी घर-संसार सांगितला. प्रत्यक्षात त्या पस्तिशीला पोचल्या तेव्हा त्यांनी सांगितलं होतं त्याच्या कितीतरी जास्त जणी नोकरी करत होत्या. पण शिकताना त्यांनी तयारी केली होती ती नोकरी न करण्याची. दहा-अकरा वर्षांनी त्याच वयाच्या मुलींमध्ये हेच उत्तर सुमारे 80 टक्क्यांवर गेलं आणि त्या मुलींनी विषयही वेगळे निवडले, लांब पल्ल्याचे: वैद्यक, कायदा, व्यवस्थापन. स्त्रियांच्या कामाचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडल्याबद्दल 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी या उत्तरांना फार महत्त्व दिलं आहे. पुढच्या आयुष्याचं जे चित्र मनात असतं त्यावरून मुलगी आज काय शिकायचं ते ठरवते, आणि चित्र चुकीचं असेल तर शिक्षण तोकडं पडतं.

आपल्याकडेही विज्ञान शाखेत मुली कमी आहेत असं आता राहिलेलं नाही. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शिकणाऱ्या मुली 29.8 लाख आणि मुलगे 27.4 लाख होते. दार उघडलंय. आत गेलेल्या मुलीने पुढच्या किती वर्षांचा विचार करून विषय घेतला, तिथे फरक पडतो. तुझ्या मनातलं चित्र सध्या पुढच्या दिवाळीपर्यंतचं आहे: 'यंदा स्थळ टळलं'. बाबांचं एक वर्षाचं. दोघांनाही पस्तिशीची मुलगी दिसत नाहीये.

एक कागद घे आणि तिचा एक दिवस लिही. सकाळी कुठल्या गावात उठते, कामावर कशी जाते, तिथे हाताने काय करते, तिला कोण काय विचारायला येतं, महिनाअखेर हातात किती असतं, संध्याकाळी घरी कोण आहे. नवरा असेल तर असू दे, नसेल तर नसू दे. तो भाग रिकामा ठेवलास तरी चालेल, पण कामाचा भाग रिकामा ठेवायचा नाही. आठ दिवसांनी तोच दिवस पुन्हा लिही, आधीचा न वाचता. दोन्हीकडे जे सारखं आलं, ते तुझं.

हे वाचणाऱ्या इतर मुलींसाठी इथे थोडं थांबते. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना 'मुलींना बरं पडतं' म्हणून एखादा अभ्यासक्रम सुचवला गेला असेल. बी.एड. कर, घर सांभाळून होतं. बँकेचं बघ, बदली नवऱ्याच्या गावी मिळेल. शिक्षिका होणं, बँकेत जाणं ही मोठीच कामं आहेत, ज्यांना पटली आहेत त्यांनी जरूर करावीत. पण 'घर सांभाळून होणारं' हे कारण धरलंत तर तुम्ही अजून न भेटलेल्या माणसाच्या, अजून न बघितलेल्या घराच्या सोयीने आजचा विषय निवडताय. ते घर तसं निघालं नाही, तर ना ते कारण उरतं ना विषयात गोडी. सोय बघायचीच असेल तर पदवी हातात आल्यावर नोकरी निवडताना बघा. तेव्हा ती खरी माहिती असते. अठराव्या वर्षी तो निव्वळ अंदाज असतो.

आता तुझे रस्ते. त्याआधी एक गाठ सोडवू, कारण ती सगळ्यांना अडवते. 'आणखी एकच वर्ष' ही मर्यादा आयोगाची नाही. राज्यसेवेच्या बहुतेक पदांना खुल्या गटात 38 आणि मागास प्रवर्गांना 43 वर्षांपर्यंत परीक्षा देता येते. शासकीय नोकरीत स्त्रियांना 30 टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत राखीव जागा, आहे. म्हणजे एमपीएससी आज सोडणं म्हणजे कायमची सोडणं नव्हे. एम.एस्सी. करून, नोकरी करत, सत्ताविसाव्या वर्षी स्वतःच्या पैशाने ती पुन्हा देता येते. तू कुठे राहायचं, लग्न केव्हा, आणि काम कोणतं, या तीन वेगळ्या प्रश्नांना तू एमपीएससी हे एकच उत्तर दिलं होतंस. ते सुटे केलेस की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळेल.

पहिला रस्ता, येती पूर्वपरीक्षा मनापासून देणं. हा तेव्हाच धर, जेव्हा कागदावरच्या पस्तिशीच्या बाईच्या हाताखाली फायली आणि समोर माणसं दिसतील. मग आठवड्याला एक पूर्ण पेपर, वेळ लावून. दुसऱ्या दिवशी त्यातल्या प्रत्येक चुकीसमोर कारण लिही: माहीत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, की अंदाजाने ठोकलं. सहा पेपर झाल्यावरही गुण सरकत नसतील आणि वहीत 'वाचलं' सोडून काही दिसत नसेल, तर निर्णय तिथेच झाला. पुढची परीक्षा होईपर्यंत थांबू नकोस.

दुसरा, एम.एस्सी. रसायनशास्त्र. दोन वर्षं गॅप पडली म्हणून सहसा कुणी प्रवेश नाकारत नाही, प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात एवढंच. परभणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली येतं. पुण्यात किंवा दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर नांदेडचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. ते आणि कॉलेजची टीसी या महिन्यातच काढून ठेव, प्रवेशाच्या गर्दीत याच कागदांपायी जागा जातात. नांदेडचा स्वतःचा विभागही विचारात घे. पुण्यापेक्षा कमी खर्चात तिथे राहता येतं, आणि घरापासून लांब राहायचंय म्हणजे पुण्यातच राहायचंय असं नाही. जोर करायची तयारी असेल तर एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटींची जॅम परीक्षा आहे: फेब्रुवारीत, तीन तास, 100 गुण, अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मुलींना शुल्क निम्मं. पात्रतेला तुझी बी.एस्सी. पुरते. तिचा अभ्यासक्रम आणि राज्यसेवेच्या वैकल्पिक रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघ, बराच भाग सामाईक निघेल. रोज दोन तास, सहा आठवडे, फक्त भौतिक रसायनशास्त्र आणि त्यातली गणितं कर. तोच भाग अनेक जण टाळतात आणि आवड टिकते की नाही ते तिथेच कळतं.

एम.एस्सी.नंतर नुसती कंपनीच नसते. अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी धरली जाते, नुसती बी.एस्सी. धरत नाहीत. गुन्ह्यांतले पुरावे तपासणाऱ्या न्यायसहायक प्रयोगशाळांत, पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळांत रसायनशास्त्राच्या पदवीधरांच्या जागा निघतात. प्रत्येक जाहिरातीतली पात्रतेची ओळ स्वतः वाच, अभ्यासिकेतल्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. संशोधनाकडे वळलीस तर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा आहे. त्यातून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं. गावाला 'सरकारी' हा शब्द हवा असतो, तो याही वाटेवर आहे. तुझ्या बाबांना हे माहीत असण्याचं काही कारण नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

शुल्काचं एक सांगून ठेवते, कारण यात फसगत होते. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण ते सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना. एम.एस्सी.ला तेच लागू होईल असं धरून चालू नकोस. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह निर्वाह भत्ता आपल्या प्रवर्गाप्रमाणे बघ. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो आणि तहसीलमध्ये तो वेळ खातो.

तिसरा रस्ता, आधी वर्षभर नोकरी. घरून पैसे थांबले किंवा बाबा एम.एस्सी.ला अजिबात तयार झाले नाहीत तर हाच धर. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, पण तो तुझा असतो, आणि मिळवत्या मुलीला उठवून लग्नाला उभं करणं घरच्यांना जरा अवघड जातं. मुलाखतीत लाजू नकोस, विचार: रात्रपाळी आहे का, माझी संमती घेणार का, ने-आण घरापर्यंत की फाट्यापर्यंत, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता का, बाँड आहे का. मूळ प्रमाणपत्रं कुणालाही देऊन यायचं नाही. हातात तीन महिन्यांचा खर्च, तुझ्या हिशेबाने 28,500 रुपये, जमेपर्यंत दुसरी कुठलीही खरेदी नको.

दोन रस्ते एकदम धरायचा मोह होईल. राज्यसेवा आणि जॅम दोन्ही पूर्ण ताकदीने केलंस तर एक ना धड, भाराभर चिंध्या. सहा आठवड्यांची चाचणी चालेल, त्यानंतर एकच.

आणि बाबा. तुझ्या पत्रातली सर्वांत जड ओळ त्यांच्याबद्दलची आहे. 22 महिन्यांचे 9,500 प्रमाणे 2,09,000 रुपये होतात. हा आकडा तुझ्या छातीवर बसला आहे आणि त्यामुळे तुला वाटतं की दिशा बदलली तर ते सगळं बुडालं. पण ते पैसे खर्च झाले आहेत, तू अभ्यासिकेत आणखी एक वर्ष काढल्याने परत येणार नाहीत. उलट त्यात 1,14,000 ची भर पडेल. त्यांचं ऋण मानायचं असेल तर पुढचे 1,14,000 कुठे लावले तर तुझ्या हातात काही येईल, हे त्यांना दाखव.

फोनवर बोलू नकोस. गावी जा, पेरणी-काढणीची घाई आणि घरात पाहुणे नसतील असे दोन दिवस बघून. आईला आधी सांग, पण निरोप्या करू नकोस. आईच्या तोंडून गेलं की राग आईवर निघतो आणि मुद्दा तिथेच विझतो. बरोबर एक कागद ने: डावीकडे आणखी एका वर्षाच्या तयारीचा खर्च, उजवीकडे नांदेडच्या दोन वर्षांचा शुल्क-वसतिगृहासह खर्च, खाली त्यानंतरच्या नोकऱ्यांची नावं. शेतीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला कागदाची भाषा कळते. शब्द साधारण असे असू देत: 'बाबा, एक प्रयत्न केला, कुठे कमी पडले ते मला कळलंय. मी घरी बसायला परत येत नाहीये. तीस-पस्तिसाव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभी राहायचा हा रस्ता मी काढलाय, आणि परीक्षा पुढेही देता येते.' लग्नाचं वेगळ्या दिवशी बोल. तिथे अभ्यासाची ढाल पुढे करू नकोस, कारण निकाल लागला की ढाल पडते. जे खरं असेल ते सांग. लग्न मुळीच नको असेल तर तसं, आत्ता नको असेल तर 'एम.एस्सी. आणि एक वर्ष नोकरी झाल्यावर' असं. तू सज्ञान आहेस, तुझ्या होकाराशिवाय कुणाला तुझं लग्न लावता येत नाही. हे भांडताना म्हणायचं वाक्य नाही, पण बोलायला बसताना मनात पक्कं असू दे.

पहिल्या बैठकीत ते बहुतेक 'लोक काय म्हणतील' म्हणतील, किंवा काहीच न बोलता शेताकडे निघून जातील. त्या दिवशी उत्तर मागू नकोस. कागद घरात ठेवून ये आणि आठवड्याने तुझ्या कॉलेजच्या सरांना त्यांच्याशी बोलायला सांग. ज्या सरांनी एम.एस्सी. कर म्हटलं होतं, त्यांना आज संध्याकाळीच फोन लाव. जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि पुढे गेलेल्या मुलींचे नंबर त्यांच्याकडेच मिळतील.

वहीचे तीन आठवडे आणि पस्तिशीच्या दिवसाचे दोन कागद झाले की मला पुन्हा लिही. चौथा रकाना, फोनचा, तेवढा एकही दिवस चुकवू नकोस.